चवथीचं पान: खतखत्यात बटाटा चालतो का?

पर्वरीची_सून

नमस्कार मंडळी. माहेर सांगलीचं, सासर गोव्यात डिचोली तालुक्यात, बिऱ्हाड पर्वरीला. चवथीला (गणेश चतुर्थीला) आम्ही सगळे गावच्या घरी जमतो. आजवर तिथला स्वयंपाक मांयच्या (सासूबाईंच्या) ताब्यात असायचा. आमच्याकडे नारळ खवणं, भाज्या चिरणं आणि पंगती वाढणं. यंदा मांयचे गुडघे चुलीपुढे उभं राहू देत नाहीत, तेव्हा विसर्जनापर्यंतचं सगळं आम्हा दोघी जावांवर आलं आहे. मांय शेजारी खुर्ची टाकून सांगणार आहेत, पण त्यांची मापं म्हणजे "मी पुरे म्हणेपर्यंत घाल."

मोदक, नेवऱ्या, लाडू जमतात. अडतं ते बाकीच्या पानाशी. खतखत्यात (अनेक भाज्यांच्या मिश्र रस्त्यात) कोणी पाच भाज्या म्हणतं, कोणी सात, कोणी एकवीस. जाऊबाईंच्या मते बटाटा घातला की ते खतखतं नव्हेच. नवरा म्हणतो, हॉटेलात तर बटाटाच जास्त असतो. मांय यावर नुसत्या हसतात. तर तुमच्या घरी काय पद्धत आहे ते सविस्तर लिहा. पाल्याची भाजी, मुगागाठी (मोडाच्या मुगाची उसळ), मणगणं (चणाडाळीची खीर) यांबद्दलही. गणपती पाच दिवसांचा, माणसं पंचवीस-तीस. कांदालसूण अर्थातच नाही.

तिरफळ

फोंड्याकडचा आहे. देवळातल्या समाराधनेला आणि घरच्या चवथीला बरीच वर्षं खतखत्याचं भांडं माझ्याकडे असतं, म्हणून लिहितो.

भाज्यांचा आकडा डोक्यातून काढा. विषम संख्या असावी असं जुनी माणसं म्हणतात, तेवढं पाळलं की झालं. आकड्यापेक्षा भाज्यांची जात महत्त्वाची. कंद हवेत: सुरण, कारांदे, कणगां. भरीव पण न विरघळणारं काहीतरी हवं: निरफणस, कच्ची केळी. गोडसर हवं: तांबडा भोपळा, मक्याची कणसं. वासाचं हवं: मुळा, शेवग्याच्या शेंगा. आणि आंबट म्हणून आंबाडे. यांतलं प्रत्येकी एकेक जरी मिळालं तरी खतखतं होतं. उलट एकवीस भाज्या आणल्या आणि त्यांतल्या पंधरा पाणचट निघाल्या, तर ते नुसतं सांबार.

तीस माणसांचं माप: चिरलेल्या भाज्या चारेक किलो, तूरडाळ अर्धा किलो, मोठे नारळ चार, बेडगी मिरच्या पंधरा-वीस, हळद, सोलां (आमसुलं) पंधराएक (आंबाडे भरपूर असतील तर निम्मीच), गूळ दीड-दोनशे ग्रॅम, आणि तिरफळं (मसाल्यातलं वासाचं रानफळ) चांगली मूठभर.

डाळ वेगळी शिजवून घ्या. मोठ्या टोपात आधी सुरण, कणसाचे तुकडे आणि मुळा. ते अर्धे शिजले की निरफणस, केळी, शेंगा. भोपळा अगदी शेवटी. सगळं एकदम घातलं की भोपळ्याचा लगदा होतो आणि सुरण घशाला खाजतो. मग डाळ, मग खोबरं-मिरची-हळदीचं वाटण. वाटण गंधासारखं बारीक नको, जरा रवाळ राहू दे. गूळ, मीठ, सोलां. वर फोडणी नाही! कोकणाबाहेरच्या सुना इथे हमखास मोहरीची फोडणी देतात (राग मानू नका). खतखत्याला फोडणी म्हणजे तिरफळच.

तिरफळातल्या काळ्या बिया काढून टाकायच्या, त्या दाताखाली कचकचतात आणि कडवट लागतात. वरची सालं कोमट पाण्यात जरा भिजवून हाताने किंवा पाट्यावर नुसती ठेचायची, आणि पाण्यासकट टोपात घालायची. तीन-चार उकळ्या आल्या की गॅस बंद. जास्त उकळलं तर वास उडून जातो. झाकण ठेवून किमान तासभर मुरू द्या.

रोसभात

+१ फोडणीबद्दल. काही घरांत वरून एक चमचा कच्चं खोबरेल सोडतात, तेही सुरेख लागतं. पण तेल चांगल्या घाण्यावरचं हवं.

मडगांवकरीण

आमच्याकडे बटाटा घालतात बाई. सासूबाई घालत होत्या, त्यांच्या सासूबाईही घालत होत्या. देव कधी रागावला नाही.

जुनी_पानं

बटाट्यावरून वाद आहेच, तर थोडं इतिहासाचं. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यानंतरच्या काळात त्यांच्या जहाजांतून अमेरिका खंडातली पिकं इकडे आली. बटाटा त्यांतला एक. पण मग मिरचीही त्यांतलीच. मकाही, तांबडा भोपळाही, आणि ज्यांना आपण कणगां म्हणतो ती रताळीसुद्धा. तिरफळरावांच्या यादीतला निरफणस तर पॅसिफिक बेटांकडचा. "परकं नको" हा नियम लावला तर खतखत्यात सुरण, कारांदे, केळी, मुळा, शेंगा आणि आंबाडे उरतील आणि तिखटासाठी मिरी घालावी लागेल. खायला हरकत नाही, पण ते तुमच्या आजीचं खतखतं नसेल.

तिरफळ

जुनी_पानं, मुद्दा मान्य. पण बटाटा परका आहे म्हणून नको असं मी कधीच म्हणत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. बटाटा शिजून कडा विरघळतात, रस दाट आणि पिठूळ होतो आणि तिरफळाचा वास दबतो. दुसरं म्हणजे बटाटा बारा महिने मिळतो. चवथीच्या पानावर भाद्रपदात परसात, डोंगरावर जे आहे ते असायला हवं. आंबाडे याच दिवसांत भरतात, ओली तिरफळं याच सुमाराला झाडावर येतात, निरफणस आहे, मका आहे, चिबूड आहे. एवढं असताना बेळगावहून ट्रकने आलेला बटाटा कशाला चिरायचा?

मडगांवकरीण, तुमच्या घरी घालतात तर घाला. माझ्या टोपात नाही.

मडगांवकरीण

तुमच्या टोपात घालायला कोण येतंय :) आणि बेळगावच्या ट्रकातून तुमचा मुळा पण येतो हो.

कुळागर

बेळगावच्या ट्रकावरून आठवलं. माटोळी बांधताना हा फरक स्वच्छ दिसतो. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळं, भाज्या, रानातली फुलं-फळं बांधतात, ती माटोळी. नारळ, सुपारीचे घड, केळीचे घड, तोरिंगां, मावळिंगां, चिबूड, दोडकी, काकडी, आंबाडे हे सगळं असतंच. पण खरी शोभा रानच्या वस्तूंची: कांगलां, घागऱ्या, माट्टीची फळं, हरणाची फुलं, तांबडीलाल कवंडळं. (कवंडळ फक्त शोभेला. ते विषारी आहे, विसर्जनानंतर मुलांच्या हाती लागू देऊ नका.)

तर माटोळीकडे वर बघितलं की खतखत्याची निम्मी यादी तिथेच टांगलेली असते. आमच्या घरी पद्धत अशी की माटोळीचं सामान आणायला रानात, कुळागरात (सुपारीच्या बागायतीत) जाणारी माणसंच येताना स्वयंपाकाचे कंद, पाला, केळीची पानं घेऊन येतात. बाजार वेगळा करावा लागत नाही. कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा असते. तिच्यासाठी लोक शेकड्यांनी वस्तू जमवतात. छान आहे, पण कधी कधी वाटतं, नुसती मोजदाद होते. वस्तू टांगणाऱ्याला तिची भाजी कशी करतात हे ठाऊक असेल तर मजा.

पर्वरीहून जाताय तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठा. चवथीच्या आधीच्या शुक्रवारी आसपासच्या गावांतल्या बायका पाला, आंबाडे, कंद, सात शिरांची भेंडी घेऊन बसतात. या भेंडीला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. सकाळी आठच्या आत पोचलात तर निवडायला मिळेल, उशीर केलात तर उरलंसुरलं.

पर्वरीची_सून

तिरफळकाका, माप लिहून घेतलं. फोडणीचा टोमणा बरोबर माझ्यावरच बसला, पहिल्या वर्षी मी विचारलं होतं "फोडणी कधी द्यायची?" आणि सगळ्या बायका थबकल्या होत्या.

कुळागर, पाल्याच्या भाजीचं सांगा ना. आमच्याकडे पाच पाल्यांची करतात. तायकिळा ओळखते, अळू ओळखते. पुढे गाडी अडते.

कुळागर

तायकिळा, तेरें, कुड्डुक, अळू, लुत. आमच्याकडे हे पाच. काही घरांत भोपळ्याची कोवळी पानं किंवा शेवग्याचा पाला धरतात. पावसाची पहिली सर पडली की तायकिळा उगवतो. चवथीपर्यंत तो जून होतो, म्हणून फक्त शेंड्याची पानं खुडायची.

लुत आणि तेरें खाजतात हे लक्षात ठेवा. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. भरपूर शिजवा आणि आंबट घाला, आंबाडे किंवा सोलां. चिरताना हाताला खोबरेल चोळा. तेऱ्यात फणसाची बिकणां घातली की भाजीला अंग येतं. उन्हाळ्यात बिकणां तांबड्या मातीत घोळवून ठेवलेली असतील तर ती याच वेळी बाहेर काढायची. नसतील तर भिजवलेले चणे घाला. खोबरं, हिरवी मिरची, चिमूटभर गूळ. बस.

लुत स्वतः खुडायला जाऊ नका, पहिल्यांदा ओळखत नाही. बाजारातल्या बाईला "कशी करतात?" म्हणून विचारा, ती रीतसर सगळं सांगते.

गिरगांवचो

मूळ गाव पेडण्याकडे, तीन पिढ्या मुंबईत. आम्हाला लुत, तेरें कुठलं मिळायला. आई लाल माठ, मुळ्याचा पाला, अळू, मेथी, चवळी असे पाच करून टाकायची आणि म्हणायची, "पाच पाले झाले, देवाला हिशेब दिला."

जुनी_पानं

गिरगांवचो, तुमच्या आईंचं वाक्य आवडलं.

सणाच्या अन्नाचा एक कमी बोलला जाणारा पदर इथे लिहून ठेवतो. गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) १५६० पासून, मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत होतं. १७३६ च्या त्याच्या फर्मानात बाटलेल्या लोकांना कोणत्या जुन्या चालीरीती वर्ज्य ते सांगितलं आहे. त्यांत अंगणात तुळस नको हे आहे, आणि हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही, हेही आहे. भातात मीठ कधी घातलं यावरून माणसाचा धर्म तपासायचा! काही घरांत अजून गणपतीची मातीची मूर्ती न आणता कागदावरच्या चित्राची पूजा होते. मूर्ती लपवता येत नाही, कागद लपवता येतो, असं त्या घरांत सांगतात. अशा घरांतही पानावरचे पदार्थ मात्र तेच राहिले आहेत.

मडगांवकरीण

आणि बाटलेल्यांच्या घरीही पुष्कळ तेच राहिलं, हे कोण लिहिणार? मी लिहिते. आमच्या वाड्यावर निम्मी घरं ख्रिश्चनांची. पंधरा ऑगस्टला त्यांचं सायबिणीचं (मेरी मातेचं) फेस्त असतं, त्या दिवशी त्यांच्याकडे पातोळ्या. आमच्याकडे नागपंचमीला पातोळ्या. तीच हळदीची पानं, तीच चून (खोबरं-गुळाचं सारण). फरक एवढाच की ते उकड्या तांदळाची करतात आणि आत माडाचं काळं गोड (माडाचा गूळ) घालतात, आम्ही सुरय तांदूळ आणि उसाचा गूळ. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून वाफवलेलं. त्यांच्याकडे तो नियम नाही, पण वाफ तीच.

सां जुआंवला (सेंट जॉनच्या सणाला), चोवीस जूनला, नव्या जावयाच्या घरी फळांचं वोजें (भेटीचं ओझं) जातं. आपल्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या सासरी माहेरून वोजें जातं, नेवऱ्या, लाडू, फळं घेऊन. आता कोण कुणाचं बघून शिकलं ते इतिहासकारांनी ठरवावं.

चवथीला आमच्या घरून शेजारी नेवऱ्यांचं ताट जातं, नाताळाला तिकडून कुस्वार (नाताळचा फराळ) येतो. आजी सोवळ्यातली, तिला अंडं चालत नसे. म्हणून शेजारीण तिच्यासाठी दोदोल आणि चण्याच्या डाळीचं दोस वेगळं काढून ठेवायची. दोदोलात तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचं गोड, एवढंच. बेबिंक आमच्या वाट्याला यायचं, कारण त्यात अंड्याचे बलक. एकेक थर वरून निखारे ठेवून भाजायचा, मग पुढचा ओतायचा. तिला अख्खी दुपार लागायची. २०२३ ला बेबिंकलाही मानांकन मिळालं म्हणे. छान. पण दोदोल कोणी विचारत नाही याचं मला वाईट वाटतं, मला तोच जास्त आवडतो.

रोसभात

मडगांवकरीणताई, पातोळ्यांचं माप टाका की. माझ्या नेहमी फाटतात.

मडगांवकरीण

फाटतात म्हणजे पीठ सैल किंवा थर फार पातळ. दोन वाट्या तांदूळ चार-पाच तास भिजवून, कमीत कमी पाण्यात अगदी गुळगुळीत वाटायचे. चिमूटभर मीठ. पीठ पानावर बोटाने सारवता आलं पाहिजे, ओघळता कामा नये. पानाच्या खरखरीत बाजूला सारवू नका, सुटत नाही. मधल्या शिरेच्या एका बाजूला चून (खोबरं, गूळ, वेलची, परतून कोरडी केलेली), पान उभं दुमडायचं, कडा दाबायच्या, पंधरा-वीस मिनिटं वाफ. उतरल्यावर लगेच पान सोलू नका, जरा निवू द्या. वर साजूक तूप.

तिरफळ

चून ओली राहिली तरी फाटतात. बाकी बिनचूक.

पर्वरीची_सून

मुगागाठी आणि मणगणं राहिलं. मणगणं मी करून पाहिलंय, डाळ नीट शिजते पण रस फुटतो.

रोसभात

मणगण्यावर माझा हक्क, कारण नावच रोसभात.

तुमच्या तीस माणसांना: चणाडाळ तीन वाट्या, साबुदाणा पाऊण वाटी, गूळ साडेचार वाट्या, नारळ चार, काजू मूठ-दोन मूठ, वेलची, किंचित मीठ. नारळ वाटून पहिला दाट आपरोस दोन-तीन वाट्या वेगळा ठेवा. पाणी घालून दुसरा-तिसरा रस काढा, तो पातळ.

डाळ भिजवून कुकरऐवजी उघड्या भांड्यात शिजवा. बोटाने दाबली की मोडली पाहिजे, पण अख्खी दिसली पाहिजे. पूर्ण शिजल्याशिवाय गूळ घालू नका. गूळ पडला की डाळ पुढे शिजतच नाही, कडकच राहते. काजू डाळीबरोबर शिजू द्या. मग पातळ रस, भिजवलेला साबुदाणा. साबुदाणा पारदर्शक झाला की गूळ. गूळ विरघळून पाच मिनिटं उकळला की आच अगदी मंद करून आपरोस घाला आणि फक्त कड येऊ द्या. तुमचा रस फुटतो तो इथे. आपरोस खळखळ उकळला की तेल सुटतं आणि खालचं पाणी वेगळं दिसतं. शिवाय गूळ खारट-आंबट असला तरी फुटतो, म्हणून गूळ आधी चाखून घ्या.

थंड झालं की साबुदाणा सगळं ओढून घेतो. म्हणून उतरवताना तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पातळ ठेवा.

गिरगांवचो

आमच्याकडे मणगण्यात साबुदाणा नाही, तांदळाची पिठी लावतात.

रोसभात

लावत असतील. चव चांगली लागते, पण मी त्याला वेगळ्या पानावर वाढेन.

तिरफळ

मुगागाठीचं मी सांगतो. मूग भिजवून मोड काढायचे, पण मोड लांब नकोत, नखाएवढे बास. लांब मोडांना कडसर चव येते. मग कोमट पाण्यात घालून हाताने हलके चोळायचे, सालं वर तरंगतात, ती ओतून द्यायची. पुन्हा पाणी, पुन्हा चोळायचे. तीस माणसांच्या मुगाला हे काम दोन बायका किंवा एक धीराचा पुरुष लागतो. शिजताना डाळ दुभंगू द्यायची नाही. खोबरं, सुक्या मिरच्या, धण्यांचं वाटण, गूळ, आणि इथे मात्र फोडणी: मोहरी, हिंग, कढीपत्ता.

मडगांवकरीण

सालं काढण्याचं हे खूळ मला कधी पटलं नाही. पौष्टिक ते सगळं गटारात. आम्ही अर्धी सालं तशीच ठेवतो.

तिरफळ

मग रंग काळपट येतो आणि रस हिरवट लागतो. पौष्टिक खायचं तर इतर तीनशे चौसष्ट दिवस आहेत.

दिवाळीचे_फोव

अवांतर होतंय पण धागा वाचून राहवलं नाही. चवथीचं एवढं लिहिलंत, कोणी दिवाळीचे फोवही (पोहेही) लिहा. बाहेरच्यांना वाटतं गोव्यात दिवाळी म्हणजे नरकासुर जाळणं. आमच्याकडे पहाटे नरकासुर जाळून, अभ्यंग करून, अंगणात कारीट (कडू रानफळ) डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडून आत आलं की चकली-चिवडा नंतर, आधी फोव. आणि एका प्रकारचे नव्हेत. नारळाच्या रसातले गूळ घालून, दुधातले, ताकातले, खोबरं-गुळात हाताने कालवलेले, फोडणीचे तिखशे. कालवलेल्यांची खुबी अशी की खोबरं आणि गूळ आधी हाताने चांगलं चुरायचं, त्यांचं पाणी सुटलं की त्यात फोव. फोव आधी धुतले की चिकट गोळा होतो. सोबत वाटाण्याचं किंवा आळसांद्यांचं (चवळीचं) तोंडाक (उसळ). मग एकेका घरी जाऊन प्रत्येकाकडचे चाखायचे, दुपारी जेवण जात नाही. कारण सरळ आहे: नुकतंच भात कापलेलं असतं, नव्या भाताचे पोहे कुटून देवाला आणि घराला.

कुळागर

बरोबर. पण तो गावठी लालसर फोव आता मिळतो कुठे? बाजारातला पांढरा जाड फोव रसात पडला की दोन मिनिटांत पेज.

दिवाळीचे_फोव

मिळतो, पण ओळखीतून. डिचोली, साखळीच्या बाजारात दिवाळीच्या आधी आठवडाभर चौकशी करा. वेगळा धागा काढतो.

पर्वरीची_सून

जरूर काढा.

आता ठरलेलं सांगते, चुकत असेल तर बोला. पहिल्या दिवशी खतखतं, मुगागाठी, पाच पाल्यांची भाजी, सात शिरांच्या भेंडीची सोलां घालून भाजी, वरण-भात, आंबाड्यांचं सासव, मोदक, मणगणं. दुसऱ्या दिवशी नेवऱ्या आणि उरलेल्या आंबाड्यांची उड्डमेथी (उडीद-मेथीची आमटी). जाऊबाईंनी मुगाची सालं काढायचं काम भावजींकडे दिलंय. सासव जमेल की नाही शंका आहे.

मडगांवकरीण

सासव सोपं. आंबाडे ठेचून उकडून घ्या, गूळ जरा सढळ हाताने. खोबरं, दोन सुक्या मिरच्या, आणि कच्ची मोहरी शेवटी घालून दोन फेरे फिरवायचे, जास्त वाटली की कडू होते. वाटण घातल्यावर उकळायचं नाही. सकाळी करून दुपारी वाढा, मोहरी तोवर नाकात चढायला लागते.

आणि एका दिवसात एवढे पदार्थ दोघींनी करायचे तर नारळ आदल्या दिवशी सोलून ठेवा, फोडू मात्र सकाळीच. तीस माणसं म्हणजे सगळं मिळून पंधरा-वीस नारळ जातील. खवायला दोन विळे लागतील, एकावर भागणार नाही.

गिरगांवचो

एक प्रश्न राहिला. गावाहून येताना ओली तिरफळं आणतो, महिन्याभरात वास जातो. काय करावं?

तिरफळ

ओली तिरफळं डब्यात भरू नका, बुरशी येते. सावलीत वाळवा, सालं फाकून आतली बी दिसायला लागते, ती तेव्हाच काढून टाका. नुसती सालं काचेच्या बरणीत, घट्ट झाकण, उजेडापासून दूर. वर्षभर टिकतात. आणखी एक: मिठाच्या पाण्यात घालून ठेवलेली ओली तिरफळं बांगड्याच्या आमटीला अधिक चांगली लागतात. पण ती चवथ झाल्यावर, शिवराक (शाकाहारी) दिवस संपले की.